जर्मेनियमची जोडी

टेम्पो चालू झाला आणि तेवढ्यात एक मोटरसायकल त्याच्यापुढे आडवी येऊन थांबली.

"काय हो, रस्ता तुमच्या घरचा आहे का?" रुचिरानं गोदामाच्या पायरीवरूनच विचारलं.

मोटरसायकलवाल्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो टेम्पोतल्या भंगाराकडे बघत होता. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"तो वरचा... लाकडी बाजूंचा. तो अ‍ॅम्प्लिफायर विकलात तुम्ही?"

"विकला. त्याच्या खालचेही विकले. मेलेले आहेत सगळे."

"मेलेले नाहीत हो," आता कुठे त्यानं तिच्याकडे पाहिलं, "आजारी आहेत."

रुचिराला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. सकाळपासून गंजलेल्या पेट्या उचलून तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि केसांत जळमटं अडकली होती. अशा वेळी कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघावं, हे तिला मुळीच आवडलं नाही... निदान तेव्हा तिनं स्वतःला तसं सांगितलं.

रुचिराच्या वडिलांची, गंगाराम मयेकरांची, रत्नागिरीत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायची जुनी सर्व्हिस होती. लग्नं, नमन, पालखी... चाळीस वर्षं त्यांचे कर्णे तालुकाभर वाजले. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी दुकान मुलीकडे दिलं. रुचिरानं नवे स्पीकरचे बॉक्स आणले, नवे मिक्सर आणले, आणि जुनी सगळी यंत्रं पावस गावी मामाच्या आंब्याच्या पेट्यांच्या गोदामात नेऊन टाकली. आता मामाला जागा हवी होती, म्हणून भंगारवाला बोलावला होता.

मोटरसायकलवाल्याचं नाव दीपेश गोताड. मुंबईत एका सर्व्हिस सेंटरमध्ये सात वर्षं काढून तो रत्नागिरीला परतला होता आणि जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत होता. लोक त्याच्याकडे कुठून कुठून पन्नास वर्षांपूर्वीची यंत्रं पाठवत. काम येत होतं, हात चालत होता. अडायचं ते एकाच ठिकाणी.

"पार्ट मिळत नाहीत," तो म्हणाला. "कंपन्या बंद झाल्या. नवे कुणी बनवत नाही. एका यंत्राला जगवायचं तर दुसरं उघडावं लागतं. आणि तुम्ही तर अख्खं गाव टेम्पोत भरलंय."

शेवटी टेम्पो रिकामा झाला. भंगारवाला बराच वेळ पुटपुटत राहिला. ठरलं ते असं, की दीपेशनं दर रविवारी यायचं, हवे ते पार्ट काढून घ्यायचे, आणि त्याच्या बदल्यात मयेकरांच्या दुकानातलं जे बिघडेल ते दुरुस्त करून द्यायचं.

"आणि मोटरसायकल दारात आडवी लावायची नाही," रुचिरा म्हणाली.

"बरं. उभी लावीन."

असे ते रविवार सुरू झाले.

ऑक्टोबर होता. परतीचा पाऊस दुपारी दोन-अडीचला न विचारता यायचा, पत्र्यावर तासभर वाजायचा आणि जायचा. वीज त्याच्या आधीच गेलेली असायची. मग दोघं दाराशी, उजेडात, आंब्याच्या पेट्या उलट्या करून बसत. दीपेश पार्ट काढायचा, रुचिरा त्याच्यावरचे नंबर वाचून चिठ्ठ्या लिहायची आणि खोक्यांत लावायची. ओल्या मातीचा वास, गवताच्या पेंढ्याचा वास, आणि दीपेशच्या शर्टाला कायम चिकटलेला सोल्डरच्या धुराचा वास...

"मीटर असं धरा," त्यानं एकदा तिच्या हाताला हात लावून दाखवलं. "लाल इथे. काळी इथे. आता काटा बघा."

"हलला."

"किती?"

"थोडासाच."

"थोडासाच हलला पाहिजे. फार हलला तर समजायचं, गेला कामातून."

रुचिरानं पटकन खाली पाहिलं. मीटरच्या काट्याबद्दलच बोलतोय ना हा?

तिसऱ्या रविवारी 'तुम्ही' गळून पडलं. चौथ्या रविवारी तिनं घरून दोघांचा डबा आणला. बांगड्याचं तिखलं आणि भाकरी. दीपेशनं बोटं चाटत विचारलं, "हे तू केलंस?" ती म्हणाली, "नाही, आईनं." आणि मग दिवसभर स्वतःवर चिडली. खोटं बोलायला काय जात होतं?

आणि मग ते नाव आलं.

"खेडला एक अ‍ॅम्प्लिफायर आलाय बघ माझ्याकडे," दीपेश सांगू लागला. त्याचे डोळे चमकत होते. "म्हणजे आहे तिथेच, जड आहे म्हणून हलवत नाहीत. नम्रताचा. अगं, काय सुंदर आहे! सागवानी पेटी, आतली प्रत्येक तार हातानं बांधलेली. पन्नास वर्षांत कुणी हात लावलेला नाही."

"नम्रता कोण?"

"नम्रता साळवी. शाळेत शिकवते. तिच्या वडिलांचा आहे तो. हे बघ..."

त्यानं फोन पुढे केला. रुचिरा एकेक फोटो सरकवत गेली. पेटी. आतली सर्किटची पाटी. तारांचा गुंता. आणि प्रत्येक फोटोत, कडेला, बॅटरी धरलेला एक हात. गोरा, निमुळता. नखांना फिकट गुलाबी रंग, कुठेही न उडालेला.

"छान आहे," रुचिरा म्हणाली.

"आहे ना? आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत फक्त. जर्मेनियमचे. एकशे एकसष्ट आणि एकशे बासष्ट, जोडीचे. एकटा मिळून उपयोग नाही, दोन्ही लागतात. मुंबईहून मागवले, ते नकली निघाले. स्पिरिटचा बोळा फिरवला तर वरचा नंबरच पुसला गेला. तुझ्या या ढिगात असले तर बघ हं."

"बघते की."

त्या रात्री तिला झोप लागली, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी बाजारात गेली तेव्हा तिनं फिकट गुलाबी नेलपॉलिश घेतलं. बुधवारी गोदामात एक पेटी उघडताना ते तीन बोटांचं उडालं.

आणि त्याच पेटीत तिला ती जोडी सापडली.

कुठल्यातरी शाळेनं गंगारामांना कधीकाळी विकलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर होता तो. आत दोन चपट्या धातूच्या टोप्या, शेजारी शेजारी. तिनं फडक्यानं धूळ पुसली. एकशे एकसष्ट. एकशे बासष्ट. स्पिरिटनं पुसून पाहिलं. नंबर हलला नाही. दीपेशनं शिकवलं होतं तसा मीटर लावला. काटा थोडासाच हलला. दोन्ही जिवंत.

तिनं फोन हातात घेतला. दीपेशचं नाव काढलं. आणि डोळ्यांपुढे आलं, की हा ही जोडी घेऊन तडक खेडला जाईल. सागवानी पेटीतून आवाज येईल. तो गोरा हात बॅटरी बाजूला ठेवेल, आणि नम्रता साळवी त्याच्याकडे बघेल... ज्या नजरेनं त्या क्षणी कुणीही बघेल, त्या नजरेनं. आणि ही सगळी शोभा माझ्या गोदामातून, माझ्या हातानं?

तिनं दोन्ही टोप्या काढल्या, कापसात गुंडाळल्या आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवून घरी नेल्या. दिवाळीला आठ दिवस होते.

"मिळालं काही?" रात्री दीपेशनं फोनवर विचारलं.

"नाही रे. काहीच नाही."

खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

पण झालं भलतंच. जोडी मिळत नाही म्हटल्यावर दीपेश काम सोडून देईल, असं तिला वाटलं होतं. तो सोडणाऱ्यातला नव्हता. दुसरे पार्ट बसवून बघू, जुळवून बघू, असं म्हणत तो खेडला जाऊ लागला. आणि आठवडाभर हातात दुसरी दुरुस्तीची कामं असल्यामुळे जायचा तो रविवारी.

पावसचं गोदाम ओस पडलं. रुचिरा दोन रविवार एकटीच जाऊन बसली. तिसऱ्या रविवारी गेलीच नाही, घरात बसून केबलची वेटोळी उलगडत आणि पुन्हा गुंडाळत राहिली.

"ती वायर काय तुझी वैरीण आहे काय गो?" गंगारामांनी खाटेवरून विचारलं.

"मला काही विचारू नका, बाबा."

"नाय विचारत. दीपेश आज पण खेडला?"

"मला काय माहीत!"

गंगारामांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, पण ते उलटं होतं हे रुचिराला दिसलं.

दीपेशचा फोन यायचा मात्र. त्यातही खेडच.

"आज पुन्हा नाही जमलं. आवाज येतो, पण फाटका येतो."

"मग? दिवसभर काय केलंस?"

"तेच. आणि नम्रतानं थालीपीठ केलं होतं."

"अरे वा. लोणीबिणी?"

"होतं ना. घरचं."

"मग रे काय. खेडलाच दुकान काढ."

मग दीपेश हळूच म्हणाला, "रुचिरा... तू चिडलीयस का?"

"मी कशाला चिडू? मला काय तुमच्या थालीपिठाचं?"

फोन ठेवल्यावर तिनं कपाट उघडलं, डबा काढला, हलवून पाहिला आणि परत ठेवला. आता द्यायचा म्हटला तरी कसा द्यायचा? कधी मिळाला म्हणून सांगायचं? एक एक आठवडा गेला तसा तो डबा जड होत गेला.

डिसेंबरात एका शनिवारी दीपेश दुकानात आला. दमलेला दिसत होता.

"उद्या माझ्याबरोबर खेडला चल."

"मी? मी तिथे काय करू?"

"तुझे कान चांगले आहेत. मला ऐकू येत नाही ती घरघर तुला येते. उद्या शेवटचं करून टाकतो. जुने पार्ट मिळत नाहीत, तर पाटीवरच्या रेषा कापून नवीन जातीचे ट्रान्झिस्टर बसवतो. एकदा कापलं की मागे नाही फिरता येत. आवाजही तो राहणार नाही. पण नम्रताचे बाबा म्हणाले, चालेल. घाई आहे त्यांना."

"कसली घाई?"

"चल तर. कळेल."

सकाळच्या गाडीनं दोघं निघाली. पर्समध्ये पावडरचा डबा होता. तो तिनं का घेतला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. खिडकीतून गार वारा येत होता. दीपेश तिच्या शेजारी बसून आज काय काय करायचं ते सांगत होता, आणि तिच्या मनात एकच चाललं होतं, की आता ती दिसणार.

नम्रता दिसली. आणि रुचिराच्या मनात होती त्याहून ती साधी निघाली, आणि त्याहून सुंदरही. तिनं रुचिराचा हात धरून आत नेलं. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." पण दीपेशला पाणी देताना तिची नजर क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर थांबली, ती रुचिरानं अचूक टिपली. म्हणजे आपण उगीच जळत नव्हतो! काय गंमत, की त्यातही तिला थोडं बरं वाटलं.

आतल्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढ्यात खुर्ची टाकून एक वयस्क गृहस्थ बसले होते. भागोजी साळवी. पोफळीच्या वीजघरात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

"ये गो, बस. अशी नको, या बाजूला बस," त्यांनी तिला डावीकडची खुर्ची दाखवली. "इकडून बोललीस तर ऐकू येईल मला."

रुचिरा बसली.

"मशीनच्या घरघरीत आयुष्य गेलं बघ," ते सांगू लागले. "पहिल्या बोनसमधून हा घेतला. ड्युटीवरून आलो की सनई लावायचो. कानातली ती घरघर धुऊन निघायची. आता डॉक्टर म्हणतात, दोन्ही कान जाणार, हळूहळू. म्हटलं, जायच्या आधी एकदा हा वाजलेला ऐकायचाय. तर उजवा आधीच गेला."

"कधी?" रुचिरानं पर्स जवळ ओढली.

"दिवाळीपर्यंत होता. भाऊबीजेनंतर एक दिवस सकाळी उठलो तर नव्हता." ते हसले. "डावा आहे अजून. तेवढा पुरे."

दीपेशनं पाटी बाहेर काढली होती. कटर उचलला होता. तांब्याच्या पहिल्या रेषेवर त्यानं टोक टेकवलं.

"थांब," रुचिरा म्हणाली.

तिनं पर्समधून डबा काढला आणि कापूस उलगडून जोडी त्याच्यापुढे ठेवली.

दीपेशनं कटर खाली ठेवला. मग त्यानं एक टोपी उचलली, उजेडात धरली, नंबर वाचला. दुसरी उचलली.

"कुठे मिळाली?"

"गोदामात."

"कधी?"

रुचिराला आणखी एक खोटं सुचलं होतं, अगदी तयार. काल संध्याकाळी मिळाली, तुला चकित करायचं होतं म्हणून...

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "आठ दिवस आधी. माझ्याकडेच होती."

भागोजींना ते नीट ऐकू गेलं नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. दीपेशनं मान खाली घातली आणि सोल्डरिंग आयर्न गरम करायला लावलं.

पाऊण तासानं तबकडीवरची सनई वाजली.

रुचिरानं आयुष्यभर स्पीकर ऐकले होते, पण असा आवाज नाही. सनई जणू त्याच खोलीत कुणी बसून वाजवत होतं. फुंकरीआधीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. भागोजी डावा कान पुढे करून, मान तिरकी करून बसले होते. डोळे मिटलेले. उजवा हात पेटीवर सपाट ठेवलेला. नम्रता दाराला टेकून उभी होती, आणि दीपेशकडे नाही, आपल्या बाबांकडे बघत होती.

निघताना ती अंगणापर्यंत आली. दीपेश पुढे गेला होता.

"माझ्यामुळे लपवलीत ना?" तिनं सरळ विचारलं.

"हो."

"मला तो आवडायला लागला होता, हे खरं आहे. म्हणून तुमचं मला कळतंय." ती रुचिराकडेच बघत होती. "पण राग आलाय मला. खूप. तो जाणार नाही एवढ्यात."

"नका घालवू," रुचिरा म्हणाली.

परतीच्या गाडीत दीपेश समोरच्या बाकावर बसला. शेजारी नाही. चिपळूण गेलं, सावर्डे गेलं, संगमेश्वर गेलं. उक्षी सुटल्यावर त्यानं तोंड उघडलं.

"का केलंस?"

रुचिरानं सगळा धीर गोळा केला आणि सांगितलं. नेमकी त्याच वेळी गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. खडखडाटानं डबा भरून गेला.

"काय?" दीपेश ओरडला. "ऐकू नाही आलं!"

बोगदा कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. संपता संपेना. रुचिरा अंधाऱ्या काचेत स्वतःचा चेहरा बघत बसली. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं, तेही उजेडात, शांततेत, शेजारच्या बाकावरच्या माणसांसमोर...

उजेड आला.

"तू तिच्याकडे जाऊ नयेस म्हणून लपवली," ती म्हणाली. "तू मला आवडतोस. मला तू दुसऱ्या कुणाबद्दल असं चमकत्या डोळ्यांनी बोललेलं सहन होईना. बस."

"आणि त्यामुळे मी दर रविवारी तिच्याकडे गेलो."

"हो."

दीपेशच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. पण लगेच त्यानं चेहरा खिडकीकडे वळवला. रत्नागिरीला उतरल्यावर तो "येतो" एवढंच म्हणाला.

तो आला नाही. ना पुढच्या रविवारी, ना त्यानंतरच्या दोन.

रुचिरा रडली, पण थोडीच. मग तिनं मयेकरांच्या दुकानातला सगळ्यात चांगला बॉक्स काढला, लग्नांच्या हंगामात ज्याला सगळ्यात जास्त मागणी असते तो, आणि टेम्पोत घालून खेडला नेला. भागोजींच्या खुर्चीपाशी तो लावून दिला. त्यातला खर्ज असा होता की लाकडावर तळहात ठेवला तर सनईमागचा चौघडा हाताला लागायचा.

भागोजींनी हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हातानं पण ऐकू येतं गो," ते म्हणाले.

तेव्हा रुचिरानं त्यांच्या डाव्या बाजूला बसून, सावकाश, मोठ्यानं, आपण काय केलं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरगा कसा आहे? बोलतो तरी का आता?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. "मग तूपण ऐकायला शीक. थांबून." आणि त्यांनी तबकडी उलटी केली. नम्रता चहा ठेवून गेली, बोलली नाही. पण कप दोन आणले होते.

जानेवारीत पावसच्या कलमांना मोहोर आला. गोदामाच्या दारात उभं राहिलं की त्याचा आंबटगोड वास अंगावर यायचा. रुचिरा उरलेल्या पार्टांची यादी करत होती. कुणालाही लागलं तर दिसावं, म्हणून ती आता सगळे नंबर इंटरनेटवर टाकायची. मोटरसायकलचा आवाज तिनं लांबूनच ओळखला, तरी मान वर केली नाही.

दीपेशनं गाडी उभी केली आणि दारात येऊन थांबला.

"मी अजून रागावलोय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"काकांचा कान तुझ्यामुळे नाही गेला. पण दोन्ही कानांनी ऐकायचं राहिलं, ते तुझ्यामुळे."

"माहीत आहे. रोज आठवतं."

"त्यांनी सांगितलं मला, तू बॉक्स नेलास ते. आणि कबूल केलंस तेही." तो आत आला, उलट्या पेटीवर बसला. नेहमीच्या जागी. "तीन रविवार मी घरी बसलो, रुचिरा. एक जोड धड सोल्डर झाला नाही. रागावलेल्या माणसानं रविवारी कुठे जायचं असतं, तेच कळेना."

रुचिरानं हातातली यादी खाली ठेवली. "मग... आता?"

"आता इथेच बसून रागावतो. चालेल?"

"किती दिवस?"

"बघू. बरीच वर्षं लागतील बहुतेक."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तीच चमक होती, जिच्यापायी तिनं एवढं सगळं केलं होतं. या वेळी समोर ना सागवानी पेटी होती, ना हातानं बांधलेल्या तारा. गंजानं माखलेले हात घेऊन ती एकटी उभी होती. दीपेशनं ते हात आपल्या हातांत घेतले, आणि दोघांचेही लाल झाले.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं काढून पाहिला. 'नम्रता, खेड.'

रुचिराच्या मनात तो जुना निखारा लगेच फुलला. अगदी तसाच. तिला स्वतःचं हसूही आलं आणि रागही.

"घे ना," ती म्हणाली. "बोल. काकांचं काही असेल."

"तू?"

"मी आहे की इथे," असं म्हणून ती त्याच्या शेजारी पेटीवर बसली, आणि त्याचा मोकळा हात तिनं तेवढा वेळ सोडला नाही.